घड्याळाच्या काट्यावर मेमरीची झाडलोट

रिअल-टाइम संगणक प्रणालीत उत्तर बरोबर असून भागत नाही. ते ठरलेल्या मुदतीत यावे लागते. गाडी आदळल्यावर एअरबॅग उघडायची की नाही, हा निर्णय साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत व्हावा लागतो. तोच निर्णय २०० मिलिसेकंदांनी आला, तर हिशेब कितीही अचूक असला तरी त्याचा उपयोग उरत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने वाजवणारी ध्वनियंत्रणा एका वेळी २५६ नमुने उचलत असेल, तर पुढचे २५६ नमुने ५.३ मिलिसेकंदांच्या आत तयार असावे लागतात. नसले तर ऐकणाऱ्याच्या कानावर 'खट्ट' असा आवाज पडतो. पहिल्या प्रकारात एकही मुदत चुकलेली चालत नाही, त्याला कठोर रिअल-टाइम म्हणतात. दुसऱ्या प्रकारात क्वचित झालेला उशीर निभावून नेता येतो, म्हणून तो सौम्य रिअल-टाइम. सरासरी वेग दोन्हीकडे गौण असतो. सगळ्यांत वाईट प्रसंगी किती वेळ लागेल, हे आधी छातीठोकपणे सांगता येते का, एवढेच पाहिले जाते. स्वयंचलित मेमरी व्यवस्थापन आणि रिअल-टाइम यांचे जुने वाकडे आहे, ते याच प्रश्नावरून.

प्रोग्राम चालू असताना त्याला मेमरी तीन ठिकाणी मिळते. काही जागा सुरुवातीलाच कायमची नेमून दिलेली असते. काही जागा स्टॅकवर मिळते; फंक्शन सुरू झाले की ती घेतली जाते आणि संपले की आपोआप सुटते. या दोन्हींचा वेळेच्या दृष्टीने त्रास नाही. तिसरी जागा म्हणजे हीप. किती ऑब्जेक्ट लागतील, ते केवढे असतील आणि किती काळ टिकतील हे आधी ठाऊक नसते, तेव्हा हीपमधून जागा मागावी लागते आणि काम झाल्यावर परत करावी लागते. सी भाषेत ही परतफेड प्रोग्रामरने स्वतः करायची असते. ती विसरली तर मेमरी गळत राहते आणि महिनोन्महिने चालणारे यंत्र एके दिवशी अडून बसते. लवकर केली तर प्रकरण आणखी वाईट: ज्या जागेवर आता दुसऱ्याचाच डेटा आहे, तिथे प्रोग्राम जुन्या पॉइंटरच्या, म्हणजे जागेच्या जुन्या पत्त्याच्या, आधारे लिहीत राहतो. असे दोष चाचणीत सहसा सापडत नाहीत, कारण ते प्रकट होण्यासाठी घटनांचा विशिष्ट क्रम जुळून यावा लागतो.

ही जबाबदारी यंत्रावर सोपवण्याची कल्पना जॉन मॅकार्थी यांची. एमआयटीमध्ये लिस्प भाषा घडवताना त्यांनी ती मांडली आणि १९६० च्या एप्रिलमध्ये छापून आलेल्या शोधनिबंधात तिचे वर्णन केले. पद्धत दोन टप्प्यांची आहे. प्रोग्रामच्या हाताशी असलेल्या पॉइंटरांपासून, म्हणजे स्टॅक, रजिस्टर आणि जागतिक चलांपासून, सुरुवात करून जिथवर पोहोचता येते त्या प्रत्येक ऑब्जेक्टवर खूण करायची. मग सगळी हीप चाळून बिनखुणेची जागा मोकळी म्हणून जमा करायची. जिथे पोहोचण्याचा कोणताही मार्ग प्रोग्रामकडे उरला नाही, ते ऑब्जेक्ट पुढे कधीच वापरले जाणार नाही. म्हणून तो कचरा. हा तर्क आजही अबाधित आहे. ही सफाई करणाऱ्या भागाला गार्बेज कलेक्टर म्हणतात. पुढे त्याला संकलक म्हटले आहे.

संकलक आणि वेळ यांची पहिली टक्कर मॅकार्थी यांनीच आठवणीत नोंदवून ठेवली आहे. एमआयटीतील एका परिसंवादात उद्योगजगतातील पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक चालू होते. मध्येच मोकळी मेमरी संपली, संकलक जागा झाला आणि सेकंदाला दहा अक्षरांच्या गतीने चालणारे टंकयंत्र आपण काय काय साफ केले याची आकडेवारी छापत बसले. प्रात्यक्षिकाचा उरलेला वेळ त्यातच गेला आणि सभागृहात हसू आवरेना. उत्तर येणार होते, पण वेळ संपली होती. रिअल-टाइममधला बिघाड याहून वेगळा नसतो.

हा खोळंबा किती असतो? खूण करण्याचे काम जिवंत ऑब्जेक्टांच्या संख्येवर अवलंबून असते. संकलक सेकंदाला १०० मेगाबाइट तपासत असेल आणि ४० मेगाबाइट डेटा जिवंत असेल, तर खुणांनाच ४०० मिलिसेकंद लागतात. ५.३ मिलिसेकंदांची मुदत असलेल्या यंत्रणेत हा आकडा उच्चारण्याचीही सोय नाही. शिवाय तो खोळंबा केव्हा येईल हे सांगता येत नाही. मोकळी जागा ज्या क्षणी संपेल त्या क्षणी तो येतो. आणि सर्वाधिक जागा मागितली जाते ती नेमकी यंत्र सर्वाधिक घाईत असताना.

म्हणून कठोर रिअल-टाइमच्या जगाने बराच काळ सोपा मार्ग पत्करला: हीपलाच हात लावायचा नाही. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षेशी संबंधित प्रोग्रामांसाठी दहा नियम मांडले. त्यांतला तिसरा सांगतो की, प्रोग्रामची प्रारंभिक जुळवाजुळव संपल्यावर नवी मेमरी मागू नये. वाहनउद्योगात वापरले जाणारे मिस्रा-सीचे नियमही हीपला मज्जाव करतात. या शिस्तीने अनेक याने आणि गाड्या सुरक्षित चालवल्या आहेत, तिची किंमत कमी लेखता येणार नाही. पण ती फुकट नाही. प्रत्येक प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी कमाल संख्येइतका साठा आधीच बांधून ठेवावा लागतो. एका साठ्यात जागा पडून असली तरी ती दुसऱ्याच्या कामी येत नाही. त्या साठ्यातून उचललेले ऑब्जेक्ट परत कधी ठेवायचे हा प्रश्न पुन्हा प्रोग्रामरच्याच डोक्यावर येतो. म्हणजे हीपचे जुने दोष मागच्या दाराने आत शिरतात. प्रोग्राम काही हजार ओळींचा असेपर्यंत हे झेपते. लाखो ओळींच्या, वर्षानुवर्षे बदलत राहणाऱ्या प्रणालीत ते झेपेनासे होते. रिअल-टाइम संकलकाचा शोध सुरू झाला, तो या गरजेतून.

पहिला उपाय १९६० मध्येच जॉर्ज कॉलिन्स यांनी सुचवला होता: संदर्भमोजणी. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक गणक ठेवायचा. त्याच्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर वाढला की एक मिळवायचा, कमी झाला की एक वजा करायचा. गणक शून्यावर आला की ऑब्जेक्ट तत्काळ मोकळे. काम थोडे थोडे, जागच्या जागी होते आणि सगळा प्रोग्राम थांबवणारा मोठा खंड पडत नाही. वरवर पाहता रिअल-टाइमला हेच हवे असे वाटते. मात्र एक लाख ऑब्जेक्टांच्या साखळीचे पहिले ऑब्जेक्ट सुटले की दुसऱ्याचा गणक शून्य होतो, मग तिसऱ्याचा, आणि एका साध्या नेमणुकीच्या ओळीमागे लाखभर ऑब्जेक्टांची मोकळीक ओघाने येते. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६३ मध्ये यावर तोड काढली. सुटलेले ऑब्जेक्ट तसेच यादीत टाकायचे आणि त्याच्या आतले पॉइंटर ती जागा पुन्हा वापरायला काढताना सोडवायचे. ऑब्जेक्ट एकाच आकाराचे असतील तर त्यामुळे दर वेळचे काम मर्यादेत राहते. दुसरा दोष मात्र मुळातला आहे. दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर बाहेरून दोघांचाही संबंध तुटला तरी गणक शून्यावर येत नाहीत. ती जागा कायमची अडते. अ‍ॅपलने २०११ पासून आपल्या भाषांमध्ये स्वयंचलित संदर्भमोजणीचाच आधार घेतला आणि अशी वर्तुळे तोडण्याचे काम गणक न वाढवणाऱ्या दुबळ्या पॉइंटरांच्या रूपाने प्रोग्रामरकडे ठेवले. फोनवरच्या अ‍ॅपसाठी ही तडजोड चालते. वर्षभर बंद न होणाऱ्या नियंत्रकात सुटून गेलेले एक वर्तुळही पुरेसे घातक ठरते.

दुसरा मार्ग म्हणजे खुणा करण्याचे काम तुकड्यांत करणे. मॅकार्थींची पद्धत मुंबईच्या लोकलमार्गावरील रविवारच्या मेगाब्लॉकसारखी आहे: गाड्या बंद, मग रुळांचे काम. रिअल-टाइम प्रणालीला रविवार नसतो, तिथे गाड्या धावत असतानाच दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रूळ बदलावे लागतात. अडचण उघड आहे. संकलक थोडा वेळ खुणा करून थांबला आणि प्रोग्राम पुन्हा धावू लागला की तो पॉइंटर इकडचे तिकडे हलवतो. संकलक परत येतो तेव्हा त्याच्या हातातला नकाशा जुना झालेला असतो. या गोंधळात एखादे जिवंत ऑब्जेक्ट बिनखुणेचे राहिले आणि मोकळे केले गेले, तर संकलकानेच तो दोष निर्माण केला, ज्यापासून वाचवण्यासाठी त्याला नेमले होते.

या प्रश्नाची उकल एड्सखर डाइक्स्ट्रा, लेस्ली लॅम्पोर्ट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सापडते, आणि संगणकशास्त्रातल्या अत्यंत सुरेख उकलींपैकी ती एक आहे. प्रत्येक ऑब्जेक्टला तीनपैकी एक रंग. अजून न दिसलेले ते पांढरे. दिसलेले, पण ज्याच्या आतले पॉइंटर तपासायचे राहिले ते करडे. आतूनही पूर्ण तपासलेले ते काळे. संकलक एकेक करडे ऑब्जेक्ट उचलतो, त्याच्या पांढऱ्या शेजाऱ्यांना करडे करतो आणि त्याला काळे करून टाकतो. एकही करडे उरले नाही की काम संपले. जे पांढरे राहिले तो कचरा.

प्रोग्राम यात घोळ घालतो तो एकाच प्रकारे. त्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात: एखाद्या काळ्या ऑब्जेक्टमध्ये पांढऱ्याचा पॉइंटर लिहिला जातो, आणि त्या पांढऱ्याकडे करड्यांमधून जाणारे सगळे मार्ग पुसले जातात. काळ्याकडे संकलक पुन्हा वळून पाहत नाही, करड्यांमधून वाट उरलेली नाही. मग ते पांढरे ऑब्जेक्ट जिवंत असूनही अनाथ होते. दोन्ही गोष्टी घडल्याशिवाय अपघात होत नाही, म्हणून दोहोंपैकी एक रोखली तरी पुरते. डाइक्स्ट्रा आणि मंडळींनी पहिली रोखली: पॉइंटर लिहिताना ज्याच्याकडे बोट दाखवले जात आहे त्याला लगेच करडे करायचे. जपानमधील ताइइची युआसा यांनी १९९० मध्ये दुसरी रोखली: पॉइंटर पुसला जाताना जुन्या ऑब्जेक्टला करडे करायचे. युआसांच्या पद्धतीत संकलन सुरू झाले त्या क्षणी जे जे जिवंत होते ते सगळे त्या फेरीपुरते जिवंत धरले जाते. पॉइंटर लिहिताना चालणाऱ्या या छोट्याशा तपासणीला राइट बॅरियर म्हणतात.

दोन्ही उपाय बरोबर आहेत, पण रिअल-टाइमच्या कसोटीवर समान नाहीत. डाइक्स्ट्रांच्या पद्धतीत फेरी चालू असताना मेलेला बराच कचरा त्याच फेरीत उचलला जातो. मात्र स्टॅकवरच्या प्रत्येक लिखाणाला तपासणी लावणे परवडत नसल्यामुळे शेवटी स्टॅक पुन्हा चाळावे लागतात, आणि तेवढा वेळ प्रोग्राम थांबतो. युआसांच्या पद्धतीत काही कचरा पुढच्या फेरीपर्यंत तरंगत राहतो, म्हणजे मेमरी जास्त लागते; बदल्यात फेरीचे काम सुरुवातीलाच ठरून जाते आणि नंतर वाढत नाही. ज्यांना मुदतीची हमी द्यायची आहे त्यांच्यासाठी दुसरा सौदा बहुधा चांगला. गूगलच्या गो भाषेने हा धडा प्रत्यक्ष गिरवला: २०१७ च्या १.८ आवृत्तीत दोन्ही तपासण्यांची सांगड घातली गेली, स्टॅक पुन्हा चाळणे बंद झाले आणि खोळंबे मिलिसेकंदाच्याही खाली, बहुतेक वेळा १०० मायक्रोसेकंदांच्या आत आले.

खुणा करून जागा मोकळी झाली तरी हीपचे दुखणे संपत नाही. मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते. एकूण एक मेगाबाइट शिल्लक असूनही सलग ६४ किलोबाइट मिळत नाहीत, अशी वेळ येते. जे. एम. रॉबसन यांनी १९७० च्या दशकात सिद्ध केले की, ऑब्जेक्ट जागचे न हलवता कितीही हुशारीने वाटप केले तरी हे विखुरणे टाळता येत नाही. मोठ्यात मोठे ऑब्जेक्ट लहानात लहानाच्या १,०२४ पट असेल, तर सर्वात वाईट प्रसंगी जिवंत डेटाच्या सहापटीच्या आसपास मेमरी लागू शकते. प्रत्यक्षात इतकी वाईट वेळ जवळपास कधीच येत नाही. पण 'जवळपास' या शब्दाला कठोर रिअल-टाइममध्ये स्थान नाही.

ऑब्जेक्ट हलवले तर जागा सलग होते. पण प्रोग्राम धावत असताना त्याच्या पायाखालून ऑब्जेक्ट उचलून दुसरीकडे न्यायचे कसे? हेन्री बेकर यांनी १९७८ मध्येच याचे उत्तर दिले होते. हीपचे दोन भाग करायचे. एका भागातले जिवंत ऑब्जेक्ट दुसऱ्या भागात नेऊन ठेवायचे आणि पहिला भाग एकगठ्ठा मोकळा करायचा. हे स्थलांतर एका दमात करायचे नाही. प्रोग्रामने एक नवी जागा मागितली की संकलकाने ठरलेल्या संख्येइतकी, समजा चार, जुनी ऑब्जेक्ट हलवायची. प्रोग्रामने मध्येच न हललेले ऑब्जेक्ट वाचायला घेतले, तर आधी ते हलवायचे आणि मग त्याच्या हाती द्यायचे. वाचतानाच्या या तपासणीला रीड बॅरियर म्हणतात. बेकर यांनी सोबत हिशेबही मांडला. जिवंत डेटा कमाल 'र' असेल आणि दर मागणीला 'क' ऑब्जेक्ट हलवायची असतील, तर एकूण २र(१ + १/क) एवढी मेमरी पुरते. 'क' चार धरला तर जिवंत डेटाच्या अडीचपट. घाई वाढवायची तर दर मागणीचा वेळ वाढतो, वेळ वाचवायचा तर मेमरी जास्त लागते. वेळ आणि जागा यांची अदलाबदल किती दराने होते, हे या क्षेत्रात इतक्या स्वच्छपणे त्याआधी कोणी मांडले नव्हते.

बेकर यांच्या पद्धतीत दुखते ते वाचन. प्रोग्राम पॉइंटर लिहितो त्याच्या कितीतरी पट वेळा वाचतो, त्यामुळे वाचनावर लावलेली तपासणी महाग पडते. रॉडनी ब्रूक्स यांनी १९८४ मध्ये ती स्वस्त केली. प्रत्येक ऑब्जेक्टच्या माथ्यावर एक जादा पॉइंटर ठेवायचा. ऑब्जेक्ट जागच्या जागी असेल तर तो स्वतःकडेच बोट दाखवतो, हलले असेल तर नव्या प्रतीकडे. मग 'हलले का?' असे विचारायचे कारणच उरत नाही, नेहमी त्या पॉइंटरवरूनच जायचे. रेड हॅटचा शेनान्डोआ हा जावासाठीचा संकलक तीन दशकांनंतर याच युक्तीवर उभा राहिला.

इथपर्यंत संकलकाचे काम तुकड्यांत कसे पाडायचे ते झाले. ते तुकडे केव्हा चालवायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि अनेक वर्षे त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. बेकर यांचा नियम होता, जागा मागितली की काम. एका मागणीपुरता वेळ त्यात नक्कीच मर्यादित राहतो. पण मुदत एका मागणीला नसते, कामाला असते. एखाद्या क्षणी प्रोग्रामने लागोपाठ हजार ऑब्जेक्ट मागितले, तर हजार वेळा संकलनाचा भार पडतो आणि छोटे छोटे विलंब मिळून मुदत बुडते. म्हणजे प्रत्येक खंड किती मोठा, एवढे मोजून पुरत नाही. दिलेल्या कालखंडात प्रोग्रामच्या वाट्याला एकूण किती वेळ येतो, ते मोजावे लागते.

आयबीएमच्या संशोधनशाळेत डेव्हिड बेकन, पेरी चेंग आणि व्ही. टी. राजन यांनी २००३ मध्ये मांडलेला मेट्रोनोम हा संकलक याच मोजमापावर बांधलेला आहे. त्यात काम मागणीवर चालत नाही, घड्याळावर चालते. समजा, कुठल्याही १० मिलिसेकंदांच्या कालखंडात प्रोग्रामला किमान ७० टक्के वेळ द्यायचा आहे. मग संकलक ५०० मायक्रोसेकंदांचे तुकडे घेतो, १० मिलिसेकंदांत सहापेक्षा जास्त नाहीत, आणि तेही एकमेकांना चिकटून नाहीत, मध्ये अंतर ठेवून. प्रोग्रामरला सांगता येते, 'तुझ्या ७ मिलिसेकंदांना धक्का लागणार नाही.' मोठ्या अ‍ॅरे तुकड्यांत साठवल्या जातात, म्हणजे एकच प्रचंड ऑब्जेक्ट हलवण्याचा प्रसंग येत नाही. आणि ऑब्जेक्ट सरसकट न हलवता विखुरणे वाढेल तिथेच हलवली जातात.

या पद्धतीची किंमत एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येते. जिवंत डेटा ४० मेगाबाइट, संकलकाचा वेग सेकंदाला १०० मेगाबाइट. एका फेरीला त्याचे स्वतःचे ०.४ सेकंद लागतात. पण त्याच्या वाट्याला ३० टक्केच वेळ असल्याने फेरी प्रत्यक्षात १.३३ सेकंद चालते. प्रोग्राम सेकंदाला २० मेगाबाइट नवी मेमरी मागत असेल, तर फेरीत जवळपास २७ मेगाबाइट खर्च होते. आधीच्या फेरीचा तरंगता कचराही तेवढाच असू शकतो. म्हणजे ४० मेगाबाइट डेटासाठी किमान ९४ मेगाबाइटची हीप हवी. मागणीचा वेग दुप्पट झाला की हाच आकडा १४७ वर जातो. हीप ९४ चीच असेल, तर संकलक फेरी पूर्ण करण्याआधी जागा संपते आणि मग हमी कुठलीच उरत नाही: एक तर प्रोग्राम थांबतो, नाहीतर कोसळतो.

म्हणून रिअल-टाइम संकलकाची हमी नेहमी सशर्त असते. जिवंत डेटाची कमाल आणि मागणीच्या वेगाची कमाल, हे दोन आकडे प्रोग्राम बांधणाऱ्याने आधी द्यावे लागतात. ते खरे असतील तर मुदत पाळली जाईल असे गणिताने सिद्ध करता येते. ते चुकले तर जगातला कोणताही संकलक मुदत पाळू शकत नाही. रिअल-टाइम संकलक बसवला की मेमरीचा विचार संपला, असे मानणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. तो ऑब्जेक्ट केव्हा सोडायचे याचा विचार वाचवतो, किती लागतील याचा नाही.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात रॉजर हेन्रिकसन यांनी १९९८ च्या प्रबंधात आणखी एक वाट दाखवली होती. नियंत्रण प्रणालींत तातडीची कामे थोडी आणि ठरावीक अंतराने येणारी असतात. त्यांच्या मधला वेळ मोकळा असतो. तातडीच्या कामांवर संकलनाचा भार टाकायचाच नाही, ती आटोपल्यावर उरलेल्या वेळात मागचे काम फेडायचे, आणि तेवढा वेळ उरतोच हे आधी गणिताने तपासून घ्यायचे. यंत्रमानवाचा हात चालवणाऱ्या प्रोग्रामांसारख्या ठिकाणी हा विचार अतिशय नैसर्गिक बसतो.

जावाच्या जगात या सगळ्याला एक वेगळे वळण लागले. २००२ मध्ये आलेल्या रिअल-टाइम जावाच्या प्रमाणकाने संकलकावर विश्वास न टाकता त्याला वळसा घातला. हीपखेरीज दोन प्रकारची मेमरी आली: प्रोग्राम संपेपर्यंत टिकणारी अमर मेमरी आणि एखादे काम संपले की एकगठ्ठा पुसली जाणारी मर्यादित क्षेत्राची मेमरी. हीपला स्पर्शच न करणारे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कामाचे धागे, हेही आले. संकलकाला मध्येच थांबवून ते धावू शकत. कागदावर हे निर्दोष होते. व्यवहारात दीर्घायुषी क्षेत्रातल्या ऑब्जेक्टने अल्पायुषी क्षेत्राकडे बोट दाखवायचे नाही, हा नियम प्रत्येक नेमणुकीला तपासला जाई आणि मोडला की प्रोग्राम चालू असतानाच चूक फेकली जाई. तयार ग्रंथालये हा नियम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती या क्षेत्रांत वापरणे जिकिरीचे ठरले. ज्या सोयीसाठी जावा निवडली तीच गमावल्यासारखे झाले. पुढे आयबीएमचा मेट्रोनोम आणि जर्मनीतील कार्ल्सरूहच्या आयकास कंपनीचे जमैकाव्हीएम यांनी खऱ्या संकलकाचा मार्ग बाजारात आणला. जमैकाव्हीएमची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे: सारी हीप ३२ बाइटांच्या एकसारख्या ठोकळ्यांत विभागायची आणि मोठे ऑब्जेक्ट ठोकळ्यांची साखळी म्हणून साठवायचे. सगळे ठोकळे सारखे, म्हणून विखुरण्याचा प्रश्नच नाही आणि हलवाहलवही नाही.

आज सर्व्हरवर चालणारे संकलकही या कल्पना वापरतात. जावाचा झेडजीसी २०१८ मध्ये प्रयोगापुरता आला, २०२० मध्ये वापरायोग्य ठरला आणि त्याचे खोळंबे आता मिलिसेकंदाच्या खाली असतात. अँड्रॉइडने २०१७ च्या ८.० आवृत्तीत रीड बॅरियर वापरून चालू प्रोग्रामखालीच ऑब्जेक्ट हलवणारा संकलक आणला. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर एका चौकटीला मिळणाऱ्या १६.७ मिलिसेकंदांत बसण्यासाठी त्याची गरज होती. एरिक्सन कंपनीत जन्मलेल्या अर्लांग भाषेने प्रत्येक छोट्या प्रक्रियेला स्वतंत्र हीप दिली, त्यामुळे एकीच्या सफाईने दुसरी अडत नाही. हे सगळे कौतुकास्पद आहे, पण त्याला रिअल-टाइम म्हणणे चूक ठरेल. मागणीचा वेग फार वाढला की झेडजीसी मागणारा थ्रेड अडवून ठेवतो. गो भाषा मागणाऱ्यालाच खुणा करण्याच्या कामाला जुंपते, म्हणजे बेकर यांचाच नियम पुन्हा लागू करते. खोळंबा सहसा लहान असणे आणि तो कधीच मोठा न होणे, यांत फरक आहे. तरुण ऑब्जेक्ट लवकर मरतात या निरीक्षणावर उभे असलेले पिढीवार संकलन सरासरी झपाट्याने सुधारते. परंतु एखाद्या दिवशी तरुण ऑब्जेक्ट मेलीच नाहीत, तर सर्वात वाईट प्रसंग होता तिथेच राहतो.

संकलक नको असेल, तरीही पर्याय पूर्वीपेक्षा बरे आहेत. व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातून २००४ मध्ये आलेला टीएलएसएफ हा वाटपकार जागा देणे आणि परत घेणे, दोन्ही ठरावीक वेळेत करतो. २०१५ मध्ये स्थिरावलेली रस्ट भाषा ऑब्जेक्टचा मालक कोण हे कंपायलरकडूनच तपासून घेते, त्यामुळे संकलक नसतानाही लटकत्या पॉइंटरांचा, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहणाऱ्यांचा, धोका जातो. ओघाने होणारी मोकळीक आणि विखुरणे हे प्रश्न मात्र तिथेही शिल्लक राहतात.

विमानांच्या सॉफ्टवेअरला प्रमाणपत्र देताना पाळल्या जाणाऱ्या डीओ-१७८सी या प्रमाणकाला २०११ मध्ये डीओ-३३२ ही पुरवणी जोडली गेली. ती स्वयंचलित मेमरी व्यवस्थापनावर बंदी घालत नाही. वापरात असलेले ऑब्जेक्ट अकाली मोकळे होणार नाही, जागा विखुरल्याने किंवा कचरा वेळेत न उचलल्याने वाटप अडणार नाही, हीप संपणार नाही, ऑब्जेक्ट हलवताना लिहिलेला बदल हरवणार नाही आणि जागा देण्याघेण्याला लागणारा वेळ मर्यादेत राहील, हे दाखवून द्या, एवढेच ती मागते. साठे बांधून ठेवा, हाताने मोकळे करा किंवा संकलक नेमा. ही प्रश्नावली सगळ्यांना सारखीच लागू आहे.